उणे तीन

“कंस. एक्स अधिक तीन. कंस पूर्ण. त्याचा वर्ग,” लोंढे म्हणाले. “लिहिलंत?”

“लिहिलं.”

“बरोबरचं चिन्ह. एक्स वर्ग अधिक नऊ.”

मी ‘एक्स वर्ग’ लिहिलं आणि ‘अधिक’ लिहिण्यापूर्वी माझं पेन कागदापासून सूतभर वर राहिलं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल. मग मी अधिक नऊ लिहून मोकळी झाले.

“का थांबलात?”

“शाई अडली.”

“शाई अडली की माणूस पेन झटकतो. तुम्ही झटकलं नाहीत.” त्यांनी मान किंचित कलती केली. काळ्या चष्म्यामागचे डोळे माझ्याकडे नव्हते, कान होता. “केंजळे, गणित येतं का तुम्हाला?”

“नाही. दहावीनंतर सोडलं.”

“मग मधले सहा एक्स मी गाळले, हे तुमच्या पेनाला कसं कळलं?”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. “खोडा ते,” म्हणाले. “आता खरं लिहा. एक्स वर्ग, अधिक सहा एक्स, अधिक नऊ.”

ही १९८३ च्या मार्चमधली, कऱ्हाडच्या आमच्या कॉलेजातल्या ग्रंथालयामागच्या खोलीतली गोष्ट. श्रीरंग लोंढे एका साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर नोकरीला होते. वय अठ्ठावीस. सतराव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, त्यामुळे आकडे, चिन्हं, वर्तुळं त्यांनी पाहिलेली होती. पाहिलेलं विसरायचं नाही एवढंच त्यांना पुढे करावं लागलं. बाहेरून बसून ते गणित घेऊन बी.ए. करत होते. बाकीचे पेपर सुटले होते. उरला होता शुद्ध गणिताचा एक: बीजगणित, निर्देशक भूमिती, कलनशास्त्र, शंभर गुण. त्यात पन्नास मिळाले तर एम.ए.ला प्रवेश आणि पुढे शिकवण्याची शक्यता. एकोणपन्नास मिळाले तर टेलिफोनचा बोर्ड.

मी पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकत होते. लेखनिक म्हणून माझं नाव सुचवलं ते गणिताच्या गुर्जर सरांनी.

“बारावीला तुला किती गं गणितात?” त्यांनी विचारलं होतं.

“चौऱ्याण्णव.”

“ते विसरून जा. लेखनिक खालच्या वर्गातला हवा आणि पदवीला त्याचा गणित विषय नसावा, एवढाच नियम आहे. त्यात तू बसतेस. पण लोंढ्यांचा स्वतःचा एक नियम आहे. गणित येणारा लेखनिक त्यांना नको.”

“का?”

“मागच्या वर्षी काहीतरी घोटाळा झाला. आणि अजिबात न येणारा घेऊन पाहिला त्याच्या आधीच्या वर्षी. त्या मुलाने एक्सचा वर्ग सगळीकडे दोन एक्स लिहिला. तेव्हा तुला चिन्हं समजतात, पण गणित येत नाही. काय?”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“विद्यापीठाशी नाही,” सर म्हणाले. “फक्त लोंढ्यांशी.”

पहिल्याच दिवशी मी त्यांना ‘लोंढेदादा’ म्हणून हाक मारली. ते म्हणाले, “दादा म्हणू नका. दादा म्हटलं की माणसं मदत करायला लागतात.”

“मग काय म्हणू?”

“लोंढे.”

माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला तसं म्हणणं मला जमेना, म्हणून पुढचे सहा आठवडे मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. ते मात्र रोज दुपारी तीनला पांढरी काठी कोपऱ्यात उभी करून खुर्चीवर बसत आणि पहिलं वाक्य तेच म्हणत: “केंजळे, गणित येतं का तुम्हाला?” मी “नाही” म्हणे. मग काम सुरू होई.

कामाची पद्धत ठरलेली होती. मी पुस्तकातलं उदाहरण दोनदा वाचायचं. ते डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत मनात सोडवायचे आणि मग ओळीमागून ओळ सांगायचे. कागद पॅडवर ठेवायचा नाही, थेट लाकडी टेबलावर. बॉलपेन चालणार नाही, निबाचंच पेन हवं. या दोन अटींचं कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि कारण न सांगता घातलेली अट मला तेव्हाही खुपायची. आज बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढल्यावरही खुपते.

शिवाय एक निरीक्षण होतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “पान उलटा, एकच ओळ उरली आहे.” खरंच एक उरली होती. चौथ्या दिवशी म्हणाले, “डावीकडे इतका समास सोडू नका.” पाचव्या दिवशी कलनातलं एक उदाहरण सांगताना मी ‘वजा’ऐवजी चुकून ‘अधिक’ लिहिलं, ते ताबडतोब म्हणाले, “वजा म्हटलं मी.”

मला शंका आली की या माणसाला दिसतं. पूर्ण नसेल, पण थोडं दिसत असावं, आणि त्याने कारखान्याला, विद्यापीठाला आणि गुर्जर सरांना गुंडाळून ठेवलं असावं. त्यांनी मला गणित येतं असा संशय घेतला होता. त्यांना दिसतं असा मी घेतला. हिशेब बरोबरीचा होता. फरक इतकाच की माझ्याविषयीचा संशय खरा होता.

मी प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आणि माझ्या कागदाच्या मधे वनस्पतिशास्त्राचं जाडजूड जर्नल उभं केलं. ते सांगत गेले: “वाय, वजा चार.” मी मुद्दाम ‘अधिक चार’ लिहिलं.

“पुन्हा अधिक लिहिलंत,” लोंढे म्हणाले.

जर्नलला भोक नव्हतं. मी ते बाजूला केलं आणि आवाज न करता कागदाखाली रुमालाची घडी सरकवली. “झेड, वजा सात,” त्यांनी सांगितलं. मी ‘अधिक सात’ लिहिलं.

ते थांबले. “खाली काय घातलंत?”

“काही नाही.”

“काढा ते. मला काही ऐकू येत नाही.” मग ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेताय! घ्या, घ्या. वजा लिहिताना पेन लाकडावर एकदा टेकतं, अधिक लिहिताना दोनदा. बरोबरच्या चिन्हालाही दोनदाच टेकतं, पण दोन्ही वेळा आडवं सरकतं. पानावर अठ्ठावीस ओळी असतात, त्या मी मोजतो. ओळ कुठून सुरू होते तेही ऐकू येतं. आणखी काही विचारायचंय?”

“नाही.”

“मला विचारायचंय. गणित येतं का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हटलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

त्यानंतर सापळे वाढले. अगदी सहज, ओघात, ते चुकीची पायरी सांगत आणि कान देत. साइनचं विकलन करून पुढे उणे कोसाइन. समीकरणाच्या एका बाजूचा चार दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह न बदलता तसाच. प्रत्येक वेळी माझं पेन किंचित अडखळे, आणि प्रत्येक वेळी ते ‘हं’ एवढंच म्हणून मग खरी पायरी सांगत. ज्याला गणित येतं त्याचा हात चुकीच्या पायरीशी आपोआप थबकतो, हे मला त्या खोलीत कळलं. दगडावर पाय पडला की पाय जसा आखडतो तसंच ते होतं. त्यात हेतू नसतो.

हेतू नसला तरी उपाय शोधता येतो. मी एक शोधला. लिहिताना मनात झाडांची शास्त्रीय नावं म्हणायची. मँजिफेरा इंडिका, अझाडिरॅक्टा इंडिका, टॅमॅरिंडस इंडिका. कानात आलेली ओळ हातातून खाली जाते. मधल्या जागेत आंबा, कडुनिंब आणि चिंच उभी असल्यामुळे गणिताला तिथे शिरता येत नाही. आठवडाभरात हात गुळगुळीत चालू लागला. लोंढ्यांनी एकामागून एक चार सापळे लावले. पेन थांबलं नाही.

“छान,” ते म्हणाले. पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. “एक तर तुम्हाला खरंच येत नाही, किंवा तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. दुसरं निघालं तर मला आवडणार नाही.”

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पेपर होता. आम्हाला वेगळी खोली दिली होती. पर्यवेक्षक म्हणून पाटणकर बाई आल्या. त्या संस्कृत शिकवायच्या आणि नियम शिकवल्यासारखे सांगायच्या.

“मागच्या वर्षीचं प्रकरण मला माहीत आहे,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. “मी इथे दोन हातांच्या अंतरावर बसणार आहे. लोंढे बोलतील, मुलगी लिहील. मुलीने फक्त प्रश्न वाचायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. बाकी ओठ हलता कामा नयेत. खोकलासुद्धा नको.”

“खोकला आला तर?” मी विचारलं.

“तर आधी मला सांगायचं.”

“बाई,” लोंढे म्हणाले, “तिच्या ओठांवर लक्ष ठेवाच. माझी विनंती आहे.”

बाईंना अशी विनंती अपेक्षित नसावी. त्या थोड्या गडबडल्या आणि मग खुर्ची आणखी पुढे ओढून बसल्या. तीन तास त्यांनी माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही.

पहिले सहा प्रश्न नीट गेले. बीजगणितात एक अडला, तो त्यांनी अर्धा सोडला. सातवा निर्देशक भूमितीतला, दहा गुणांचा होता. एका गोलाचं समीकरण दिलं होतं आणि एक प्रतल. ते प्रतल गोलाला स्पर्श करतं, तर प्रतलाच्या समीकरणातल्या सी या स्थिरांकाच्या किमती काढा. मी दोनदा वाचलं. लोंढ्यांचा अंगठा पेरांवरून फिरला. आधी गोलाचं केंद्र काढायचं, मग त्रिज्या, मग केंद्रापासून प्रतलाचं अंतर त्रिज्येइतकं मांडायचं. रीत त्यांना पाठ होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

समीकरणात वायचं पद अधिक सहा वाय होतं. म्हणजे केंद्रात वायच्या जागी उणे तीन.

“म्हणून केंद्र,” लोंढे म्हणाले, “कंस, दोन, स्वल्पविराम, तीन, स्वल्पविराम, एक. कंस पूर्ण.”

मँजिफेरा इंडिका चाललं होतं. कंस लिहिला, दोन लिहिला, स्वल्पविराम दिला. आणि पुढचं झाड आलंच नाही.

ही चूक फार शांत असते. तीनचा वर्ग नऊ, उणे तीनचाही नऊ. त्यामुळे त्रिज्या बरोबर पाचच निघते, काहीही खटकत नाही. पुढे सीच्या किमतीही नीटनेटक्या पूर्णांकांत येतात. फक्त त्या दुसऱ्याच गोलाच्या असतात.

हे सगळं माझ्या मनातून जाईपर्यंत पेन कागदाच्या वर राहिलं. मी ते मुद्दाम धरून ठेवलं का? त्या दिवशी मी स्वतःला ‘नाही’ असं सांगितलं. पाटणकर बाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. ओठ मिटलेले होते.

लोंढ्यांचा अंगठा पेरावर थांबला.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा जवळजवळ अर्धा फेरा फिरला. पंचवीस सेकंद तरी गेले असतील. कपाळावरून घामाचा एक थेंब त्यांच्या चष्म्याच्या दांडीपर्यंत येऊन थबकला.

“तीन लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवून परवानगी दिली.

“नाही अजून,” मी म्हटलं.

“लिहा. तीन.”

मी तीन लिहिलं. त्याच्याआधी चिन्ह लिहिलं नाही. पेन आडवं टेकलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं.

“स्वल्पविराम, एक. कंस पूर्ण. पुढे.” त्यांनी पुढचं सगळं एकसुरी आवाजात सांगितलं. शेवटी सी बरोबर बारा किंवा उणे अठरा. असायला हवं होतं सहा किंवा उणे चोवीस.

शेवटची वीस मिनिटं ते फेरतपासणीसाठी राखून ठेवत. सरावातही त्यांचा हाच नेम होता: एकेक उत्तर मोठ्याने वाचून घ्यायचं आणि चूक शोधायची. सरावात त्यांनी अशा कितीतरी चुका पकडल्या होत्या. मी वाट पाहत होते.

“पाचवा वाचा,” ते म्हणाले. मी वाचला. “ठीक. सहावा.” मी वाचला. एक आकडा त्यांनी बदलायला लावला.

“सातवा?” मी विचारलं.

“सातवा नको. आठवा.”

पाटणकर बाईंनी अहवालाच्या कागदावर लिहिलं: ‘लेखनिकाने परीक्षार्थीस कोणत्याही प्रकारे सूचना केली नाही.’ खाली ठसठशीत सही केली आणि पदर सावरत म्हणाल्या, “असं असावं काम. मागच्या वर्षीचा तो मुलगा कुठे आणि ही कुठे!”

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर लोंढ्यांनी काठीने कठडा शोधला आणि खाली बसले. ऊन तापलं होतं. मी एक पायरी सोडून उभी राहिले.

“उणे तीन हवं होतं,” ते म्हणाले.

माझी पहिली प्रतिक्रिया पुन्हा संशयाचीच होती. पेपर झाल्यावर चूक सांगता येते. सगळ्यांनाच येते. “हे आता सुचलं तुम्हाला?”

“तुमचं पेन थांबलं तेव्हा.”

“मग दुरुस्त का नाही केलंत?” माझा आवाज चढला. “दहा गुणांचा प्रश्न होता! मी एक शब्द बोलले नाही. बाईंनी लिहून दिलंय तसं.”

“बाईंनी ओठांचं लिहून दिलंय. मागच्या वर्षी मला एकसष्ट मिळाले होते. ऐकलंय का तुम्ही?”

“घोटाळा झाला एवढंच ऐकलंय.”

“गणिताचा मुलगा लेखनिक होता. खालच्या वर्गातला, पण गणिताचाच. नियम मला नीट माहीत नव्हता. पॅडवर बॉलपेनने लिहायचा, मला काही कळायचं नाही. कुणीतरी तक्रार केली. चौकशीत त्या मुलाने सांगितलं, मी दोनचार ठिकाणी चिन्हं सुधारली, दादांचं भलं व्हावं म्हणून. कुठं सुधारली ते त्याला आठवेना. निकाल रद्द झाला. त्याचं मला काही नाही, केंजळे. पण एकसष्टातले माझे किती, हे त्या माणसांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. मलाच माहीत नव्हतं.”

“पण आज तुम्ही स्वतः...”

“आज काय? तुमचं पेन थांबलं, मी पंचवीस सेकंद विचार केला आणि चूक दिसली. थांबलं नसतं तर शेवटच्या वीस मिनिटांत मला ती सापडली असती का?”

“सापडली असती. सरावात सापडायच्या.”

“असेल. नसेलही. आता ते कळायला काही मार्ग राहिला नाही.” त्यांनी काठी उभी धरली. “त्या मुलाने तेच केलं आणि तुम्ही तेच केलंत. तो निदान खोटं बोलला नव्हता. गणित येतं म्हणून त्याने मला आधीच सांगितलं होतं.”

ते उठले, काठीने पायऱ्या मोजत उतरले आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने निघून गेले.

जूनमध्ये निकाल लागला. लोंढ्यांना शेहेचाळीस गुण होते. परीक्षकाने सातव्या प्रश्नात रीत बरोबर म्हणून दहापैकी चार दिले असतील असं धरलं, तर उणे तीनच्या एका आडव्या रेघेची किंमत सहा गुण होती, आणि ती दिली असती तर ते बावन्नावर गेले असते. हा हिशेब मी गुर्जर सरांना करून दाखवला. ते म्हणाले, “त्यांना सांगू नकोस.” मला वाटतं, त्यांनी तो माझ्याआधीच केला असणार.

नोव्हेंबरात, फेरपरीक्षेचे अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात, मी ग्रंथालयामागच्या खोलीत पानांचे नमुने चिकटवत बसले होते. दारात काठीचा आवाज आला. लोंढ्यांनी काठी नेहमीच्या कोपऱ्यात उभी केली, खुर्ची शोधली, बसले. खिशातून चौघडी केलेला अर्ज काढून टेबलावर पसरला. थेट लाकडावर.

त्यांनी मान कलती केली.

“केंजळे, गणित येतं का तुम्हाला?”

“येतं,” मी म्हटलं. “बारावीला चौऱ्याण्णव होते.”

“चौऱ्याण्णव!” त्यांनी भुवया उंचावल्या. “मला ऐंशीच्या आसपास वाटले होते. कधीपासून खोटं बोलताय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा एक्सपासून.”

“मग मला काढलं का नाहीत?”

“गणित न येणाऱ्याचं पेन थांबत नाही, त्यात त्याचं काय विशेष? मी येणारा शोधत होतो. येत असून न थांबणारा. आपल्याला असा कुणी हवाय हे कळायलाच मला दोन वर्षं लागली.” त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. “तुम्ही अजून दुसऱ्याच वर्षाला आहात ना? विषय वनस्पतिशास्त्रच? मग नियमात बसता. लेखनिकाच्या नावाचा रकाना कोरा आहे. पण या वेळी झाडंबिडं नकोत.”

मी दचकले. “झाडं तुम्हाला कशी कळली?”

“ओठांवर बाईंचं लक्ष होतं. पण सरावाला बाई नसायच्या. तुम्ही पुटपुटायचा. इंडिका, इंडिका.” ते हसले नाहीत. “सगळं समजून लिहायचं. चूक दिसली तरी लिहायचं. जमेल?”

मी पेनाचं टोपण काढलं. लोंढे टेबलाकडे किंचित झुकले आणि त्यांनी कान दिला. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकाच संथ चालीने, आणि मधे कुठेही थांबले नाही.